जीपीएस लावला तरी डिझेलचं बिल उतरत नाही? गाडीमालकांनो, या चुका टाळा

रत्नागिरी, देवगड, मालवण, दापोली, कुठंही बघा, ज्याच्याकडं चार-पाच पिकअप नि एखादा टेम्पो आहे त्याच्या मोबाइलात आता गाड्यांचं ॲप असतंच. दिवसभर बघत बसायचं गाडी कुठं पोचली, हातखंब्याला की पालीला, आणि महिन्याच्या शेवटी डिझेलचं बिल तेवढंच. गाडी कुठं आहे हे कळलं म्हणून ती किलोमीटरमागं किती खाते हे कळत नाही, ते काढायचं तर ॲपमधला आकडा पंपाच्या पावतीशेजारी ठेवावा लागतो आणि तेवढंच नेमकं कुणी करत नाही.

ॲपमधले किलोमीटर जसेच्या तसे धरणं

आपल्याकडं ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण आपल्याकडं घाट आहेत. ट्रॅकर काय करतो, ठरावीक वेळानं गाडी कुठं आहे याचा एक पॉइंट पाठवतो आणि बरीच ॲप दोन पॉइंटमधलं अंतर सरळ रेषेत मोजतात. पॉइंट मिनिटाला एक येत असेल आणि गाडी आंबा घाटात ताशी ३० नं चढत असेल तर दोन पॉइंटमध्ये अर्धा किलोमीटर रस्ता जातो, त्यातली वळणं कापली जातात, किलोमीटर कमी दिसतात, एव्हरेज पडलेलं दिसतं आणि शिव्या खातो ड्रायव्हर. उलटंही होतं, गाडी शेडखाली रात्रभर उभी असते तरी सिग्नल इकडंतिकडं सरकतो आणि न चाललेले किलोमीटर वाढतात. म्हणून डिव्हाइसवाल्याला सांगून पॉइंटचा वेळ १० सेकंदांवर आणा, वळलं की लगेच पॉइंट पाठवायचं सेटिंग असतं ते चालू करून घ्या, आणि इग्निशन बंद असताना अंतर मोजू नको म्हणून सांगा. महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढून ॲपशी ताळा करायचा. थोडा फरक राहणारच, पण तो दर महिन्याला वेगळाच येत असेल तर आधी अँटेना कुठं बसवलीय ते बघा, पत्र्याखाली कोंबलेली असते बऱ्याचदा.

एव्हरेज काढायची पद्धतच चुकीची

दोन हजाराचं डिझेल टाकलं, एवढे किलोमीटर गेली, भागलं. असं करून काही कळत नाही कारण टाकीत आधी किती होतं ते कुणाला माहीत. टाकी फुल ते टाकी फुल, शक्यतो त्याच पंपावर, आणि मधल्या सगळ्या पावत्या धरून. हे जुनं गणित आहे, आपल्या आधीचे गाडीवालेसुद्धा वहीत हेच करायचे, ॲप आल्यामुळं ते बदललेलं नाही.

आणि एक, रूट वेगळे ठेवा. रत्नागिरी-वाशी हायवेनं जाणारी गाडी आणि भरलेली गाडी घेऊन कोल्हापूरला घाट चढणारी गाडी यांचं एव्हरेज शेजारी ठेवून कोण चोर ते ठरवणं म्हणजे अन्याय आहे हो. तीच गाडी, तोच रूट, साधारण तेवढाच माल, मग तुलना. समजा एक पिकअप महिन्याला ३,००० किलोमीटर चालते, १२ चं एव्हरेज असेल तर २५० लिटर लागतात आणि १० वर आलं तर ३००. लिटर ९२ रुपये धरला तरी एका गाडीचे महिन्याला ४,६०० गेले, आणि हा फरक बऱ्याचदा चोरीचा नसतो, टायरमधली हवा, चोक झालेला एअर फिल्टर नाहीतर घासत राहणारा ब्रेक असतो. आधी गॅरेज, मग चौकशी.

उभ्या गाडीचं इंजिन

आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू याचा, रिपोर्ट बऱ्याच ॲपमध्ये असतो पण तो बघताना गाडी कुठली ते बघा. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव व्हायची वाट बघत बर्फपेटीची गाडी उभी असेल तर इंजिन चालू ठेवायचं काहीच कारण नाही, बर्फ बर्फाचं काम करतो. पण रीफर, म्हणजे फ्रीजवाल्या गाडीचा कूलिंग कॉम्प्रेसर इंजिनवर चालत असेल तर तिथं आयडलिंग हेच काम आहे, तिला अलर्ट लावून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं की सुरमई गेली. दोघांना एकच नियम लावू नका.

इग्निशनची वायर चुकीच्या जागी जोडली की गाडी बंद असूनही ॲपवर "चालू" दिसते, हे तर कितीतरी गाड्यांत असतं. चेक सोपा आहे, चावी काढा, पाच मिनिटं थांबा, ॲप बघा.

फेरीबोट आणि रो-रो

जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीनं गाडी गेली की ॲपवर ती खाडीत दिसते, इंजिन बंद पण गाडी हलतेय, म्हणजे "गाडी टो होतेय" असा अलर्ट. कोलाड ते वेर्णा कोकण रेल्वेची रो-रो, म्हणजे भरलेले ट्रक वाहून नेणारी रेल्वे, आहे १९९९ पासून, त्यावर ट्रक चढवला तर तोच प्रकार, वर इग्निशन बंदचं ते सेटिंग केलेलं नसेल तर रेल्वेचे किलोमीटर ट्रकच्या नावावर चढतात आणि एव्हरेज एकदम भारी दिसतं. हसू येतं पण सर्व्हिसची तारीख त्याच किलोमीटरवर ठरत असेल तर घोळ होतो. जेट्टीला नि कोलाडला जिओफेन्स, म्हणजे ॲपच्या नकाशावरची हद्द, आखा, जरा मोठा आखा, ५० मीटरचा आखून उपयोग नाही. बोटीचं तिकीट फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये येत नाही, ते वेगळं लिहायचं.

डिझेल सेन्सरच्या बोंबा

घाटात टाकी तिरकी होते, डिझेल एका बाजूला जातं, सेन्सर सांगतो "सहा लिटर काढलं". खरी चोरी कशी ओळखायची तर गाडी उभी असताना, सपाट जागी, पातळी एकदम खाली आली आणि परत वर आलीच नाही तर. चालत्या गाडीत पातळी खाली गेलेली दिसली तर ती धरू नका. बसवताना टाकी रिकामी करून मापानं डिझेल भरत कॅलिब्रेशन केलं नसेल तर त्या सेन्सरचे आकडे बघूच नका.

ड्रायव्हरला न सांगता हे सगळं बसवणं ही मला तरी सगळ्यात वाईट चूक वाटते. त्याला दोन दिवसांत कळतंच, मग अँटेनाला फॉइल गुंडाळलेली सापडते. आधीच सांगा, आणि वाचलेल्या डिझेलमधला काही वाटा त्याला द्या, बघा एव्हरेज कसं सुधारतं ते.

रिकामी फेरी कुठल्याच अलर्टमध्ये येत नाही, पण पैसा तिथंच जातो. आंबा वाशीला टाकून गाडी रिकामी आली तर त्या परतीचं डिझेलसुद्धा पेट्यांवरच बसतं, त्यामुळं खर्च पेटीमागं काढा, म्हणजे परतीचं भाडं कितीला घ्यायला परवडतं ते कळेल.

पावसाळ्यात

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मच्छीच्या गाड्या उभ्या. ट्रॅकर थोडा थोडा करंट खातच राहतो आणि ऑगस्टमध्ये बॅटरी डाऊन सापडते, म्हणून स्लीप मोड चालू आहे का बघा नाहीतर आठवड्याला एकदा गाडी सुरू करा. खाऱ्या हवेनं कनेक्टरला हिरवट गंज चढतो, गाडी अधूनमधून ऑफलाइन जात असेल तर सिम बदलायच्या आधी ते उघडून बघा. घाटात रेंज गेली म्हणून ऑफलाइन दिसली तर घाबरायचं नाही, बरेच डिव्हाइस डेटा साठवून नंतर पाठवतात. आणि रिचार्ज संपू द्यायच्या आत सीझनचा सगळा रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून घ्या, काही कंपन्या जुना डेटा थोडे महिनेच ठेवतात आणि पुढच्या मार्चमध्ये भाडं ठरवताना तो मागाल तेव्हा मिळायचा नाही.