टकळी कोणती घ्यावी? आधी हातात कापूस आहे का लोकर ते बघा

टकळी, म्हणजे चकती लावलेली, हाताने फिरवून सूत कातायची दांडी, घ्यायची म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की वरच्या चकतीची, खालच्या चकतीची, तुर्की, तिबेटी असे ढीगभर प्रकार समोर येतात आणि प्रत्येकीच्या खाली लिहिलेलं असतं की नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट. मग आपल्याकडची माणसं त्यातली दिसायला देखणी अशी लाकडाची जड टकळी मागवतात, घरच्या शेतातला कापूस घेऊन बसतात आणि धागा काही टिकत नाही, हातभर व्हायच्या आत तुटतो, टकळी फरशीवर आपटते, आणि हे आपलं काम नाही म्हणून ती कपाटात जाते. अहो त्यात हाताचा काहीच दोष नसतो, ती टकळी लोकरीसाठी बनवलेली असते आणि आपण तिला कापूस देत असतो. त्यामुळे कुठली टकळी चांगली हा प्रश्न नंतरचा, आधी कातायचं काय ते ठरवा.

कापसाचा एक तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा, लोकरीचा दोन-तीन इंच तरी असतो आणि लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात त्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात. कापूस गुळगुळीत आणि आखूड, त्याला भरपूर पीळ बसला तरच तो धरतो. हवेत लोंबकळणाऱ्या टकळीचा सगळा भार त्या नव्या, अजून नीट पीळ न बसलेल्या धाग्यावर येतो, म्हणजे पीळ बसायच्या आधीच वजन त्याला ओढून मोकळा करतं. एवढं एक कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता वजन. लोकरीचा मध्यम जाडीचा धागा काढायचा आणि नुकतंच शिकताय तर २५ ते ३५ ग्रॅमची टकळी घ्या. बारीक सूत हवं असेल तर १० ते २० ग्रॅम. ५० ग्रॅमच्या पुढची फक्त जाड धाग्याला किंवा दोन धागे एकत्र पिळायला, पहिली टकळी म्हणून ती घेऊच नका, विकणारा कितीही म्हणू दे. आणि हे लक्षात ठेवा की सूत गुंडाळत गेलं तसं टकळीचं वजन वाढत जातं, २० ग्रॅमच्या टकळीवर १५ ग्रॅम सूत भरलं की ती ३५ ची झाली, त्यामुळे बारीक धागा कातत असाल तर कुकडी (टकळीवर गुंडाळलेल्या सुताचा गुंडा) फार मोठी होऊ न देता सूत उतरवून घ्यायचं. वजन लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा, ज्याला स्वतःच्या टकळीचं वजन सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. अंगणात गोल फिरणारं लेकरू हात पसरले की हळू फिरतं आणि हात छातीशी घेतले की गरकन फिरतं, तसंच टकळीचं. चकती रुंद आणि वजन तिच्या कडेला असेल तर टकळी हळू फिरते पण बराच वेळ फिरत राहते, जाड-मध्यम धाग्याला हे बरं. चकती लहान आणि वजन दांडीजवळ असेल तर ती खूप वेगाने फिरते पण लवकर थांबते, बारीक सुताला कमी वेळात जास्त पीळ लागतो तिथे ही कामाची. शिकताना हळू आणि जास्त वेळ फिरणारीच घ्यावी, तंतू ओढायला उसंत मिळते.

चकती वर का खाली यावर लोक फार वाद घालतात. वरच्या चकतीच्या टकळीला टोकाला हूक असतो, धागा हुकात अडकवला की झालं, आणि दांडी मांडीवर घासून सोडली की जोरात फिरते (वाती वळणाऱ्या बायकांना हे लगेच जमतं). खालच्या चकतीची जरा संथ आणि स्थिर असते, डुगडुगत नाही, पण बहुतेकींना हूक नसतो, त्यामुळे दरवेळी धागा चकतीखालून फिरवून वर आणायचा आणि दांडीच्या टोकाला फास टाकायचा, सूत गुंडाळताना तो फास काढायचा, परत टाकायचा, हे कंटाळवाणं होतं. मला विचाराल तर लोकरीसाठी वरच्या चकतीची, हुकाची, ३० ग्रॅमच्या आसपासची. हूक मात्र दांडीच्या बरोबर मध्यावर हवा, जरा जरी बाजूला असला तरी टकळी थरथरते आणि ती थरथर धाग्यातून थेट बोटात येते.

तुर्की टकळीला चकतीऐवजी एकमेकांत अडकणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या असतात, त्यावर दोनवरून-एकाखालून असं सूत गुंडाळलं की शेवटी दांडी आणि पट्ट्या काढून घेता येतात आणि हातात तयार गोळा राहतो. छान आहे, दुसरी टकळी म्हणून घ्या. तिबेटी टकळी वाटीत टेकवून फिरवतात, ती बारीक लोकरीला.

कापसाला मात्र आपली साधी धातूची टकळीच. ६-७ इंचाची पोलादी दांडी, खाली पितळेची छोटी चकती, वर आकडा. खादीच्या शाळांमधून लेकरांच्या हातात हीच टकळी दिली जायची, त्याला कारण आहे. ती लोंबत नाही, तिचं खालचं टोक वाटीत नाहीतर करवंटीत टेकलेलं असतं, त्यामुळे धाग्यावर भार जवळपास शून्य आणि चकती लहान म्हणून वेग भरपूर, म्हणजे कापसाला जे हवं नेमकं तेच. उजव्या हाताच्या चिमटीने टकळी फिरवायची, डाव्या हातात पेळू (फुलवलेल्या कापसाची सैल गुंडाळी) अगदी हलका धरायचा आणि तिरका मागे ओढत जायचा, दाबून धरलात की तुटला. हातभर निघालं की लगेच गुंडाळायचं नाही, टकळीला आणखी दोन-तीन गिरक्या देऊन जास्तीचा पीळ भरायचा आणि मगच काटकोनात धरून गुंडाळायचं. नवशिक्यांचा कापसाचा धागा तुटतो तो बहुतेक वेळा या जास्तीच्या पिळाअभावी.

पेळू घरी करता येतो. सरकी काढलेला कापूस बोटांनी चांगला फुलवा, पाटावर पातळ पसरा, विणायच्या सुईवर हलक्या हाताने गुंडाळा आणि सुई ओढून घ्या. गाठीत दाबलेला कापूस नको, त्याचे तंतू चिकटून बसलेले असतात. नांदेड आणि उदगीरला झेंड्याच्या कापडाची खादी होते, त्या भागात असाल तर पेळूसाठी खादीवाल्यांकडे विचारून बघायला हरकत नाही. जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, कातायला अवघड, पण परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए २५५ सारखे लांब धाग्याचे देशी वाण काढलेत, ओळखीच्या शेतकऱ्याकडे असला तर ओंजळभर जरूर मागा.

लोकर तर आपल्याकडे इतकी आहे आणि तिला भाव नाही म्हणून फेकली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते पण कातायला शिकण्यासाठी उत्तम, कारण तंतू एकमेकांना घट्ट धरतात. धनगरवाड्यावर जाऊन कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मिळतं का बघा, ते सगळ्यात मऊ. कोमट पाण्यात साबण घालून भिजवा, चोळू नका नाहीतर तंतू एकमेकांत गुंतून त्याचा घट्ट नमदा होईल. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोंगडी घ्याल तेव्हा तिचा धागाही जरा जवळून बघा, किती पीळ आहे, कुठे जाड कुठे बारीक, त्यातून खूप शिकायला मिळतं.

लगेच पैसे घालायचे नसतील तर दोन जुन्या सीड्या घ्या, एक सीडी साधारण १५ ग्रॅमची, दोन म्हणजे ३०, मधल्या भोकात रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून त्यातून फूटभर गोल काठी घाला, वर कप लावायचा छोटा हूक फिरवा. वजन कडेपर्यंत पसरलेलं, त्यामुळे ही बराच वेळ फिरते. ही लोकरीसाठीच, कापसाला नको.

पहिल्या दिवशी टकळी हवेत सोडूच नका. जुन्या लोकरीच्या धाग्याचा हातभर तुकडा दांडीला बांधा, त्यात नवी लोकर अडकवा, टकळी फिरवून पीळ भरा, मग ती गुडघ्यांत धरून थांबवा आणि दोन्ही हात मोकळे झाले की तंतू सावकाश ओढत पीळ वर चढू द्या. फिरवा, थांबवा, ओढा, एवढंच. कायम एकाच दिशेने फिरवायचं, उलट फिरली की सगळा पीळ उकलतो. धागा सुटून येतोय म्हणजे पीळ कमी किंवा टकळी जड, धागा स्वतःभोवती वेटोळी करतोय म्हणजे पीळ जास्त, आणि टकळी थोडी फिरून लगेच उलटी यायला लागली तर धाग्याच्या जाडीला ती हलकी पडतेय. तीनही वेळा टकळी बदलायच्या आधी तंतू कमी-जास्त घेऊन बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

एप्रिल-मे मध्ये आपल्या मराठवाड्याची कोरडी हवा कापसाला अजिबात मानवत नाही, कोरडा तंतू लगेच तुटतो, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे काता नाहीतर कूलर असलेल्या खोलीत पण थेट झोतात न येता बसा, पेळू ओलसर फडक्याजवळ ठेवा, पंखा बंद. लोकरीला एवढं काही लागत नाही.

सूत भरलं की पाटाभोवती गुंडाळून लडी करा आणि चार ठिकाणी सैल बांधा. दुपदरी धागा हवा असेल तर त्याआधीच दोन कुकड्यांचे धागे एकत्र घेऊन टकळी उलट्या दिशेने फिरवायची. कापसाची लडी चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळा, पीळ पक्का बसतो आणि धागा शांत होतो. लोकरीची लडी फक्त कोमट पाण्यात बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा.