डेटाबेस डिझाइन शिकताना या चुका टाळा

डीबीएमएसच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विषयाच्या) प्रोजेक्टमध्ये बहुतेकांचं पहिलं टेबल असं असतं: रोल नंबर, नाव, गाव, तालुका, जिल्हा. प्रवेश अर्जावर हेच रकाने, म्हणून टेबलातही हेच. घोळ इथूनच सुरू होतो. टेबलं पाडताना आधी एकच विचारावं: कशावरून काय ठरतं?

फोंडा तालुका घ्या. जानेवारी २०१५मध्ये तो उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. वरच्या टेबलात फोंड्याच्या जितक्या मुलांची नोंद, तितक्या ओळी बदलायच्या. त्यात कुणी ‘पोंडा’ लिहिलेलं, कुणी ‘फोंडें’. अपडेट ‘फोंडा’वर चालवलं की बाकीच्या ओळी सुटतात, एकच तालुका दोन जिल्ह्यांत दिसतो आणि एररही येत नाही. उलट बाजूही बघा: सांगे तालुक्याचा एकुलता एक विद्यार्थी काढून टाकला, तर सांगे कुठल्या जिल्ह्यात हेही पुसलं जातं.

जिल्हा तालुक्यावरून ठरतो, रोल नंबरवरून थेट नाही. म्हणून तालुक्यांचं टेबल वेगळं करा आणि विद्यार्थ्याच्या ओळीत फक्त तालुका आयडी ठेवा. आता एकच ओळ बदलायची. थर्ड नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं अशी नीट पाडण्याचा तिसरा नियम, त्याचं मर्म यातच आहे. व्याख्या पाठ करण्याआधी हा बदल दोन्ही रचनांत स्वतः करून बघाच. २०१४चे अहवाल त्या वेळच्या जिल्ह्यांप्रमाणे हवे असतील, तर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ याही तारखा लागतील.

घेतलेले विषय स्वल्पविराम देऊन एका रकान्यात कोंबू नका. रोल नंबर आणि विषय कोड यांचं जोडटेबल करा, म्हणजे प्रत्येक विद्यार्थी-विषय जोडीला एक ओळ. विषयाचं नाव तिथे नको, ते विषयांच्या टेबलात. मोबाइल नंबरला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना) करू नका: नंबर बदलतो, आणि दोन भावंडं बाबांचा एकच नंबर देतात.

फॉरेन की (या रकान्यातली किंमत दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे, हा नियम) लिहिली, तरी नसलेल्या तालुक्याची नोंद होते? एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ही तपासणी सहसा बंदच असते. प्रत्येक कनेक्शनला ती चालू करावी लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरेन की बनतच नसेल, तर दोन्ही टेबलांतल्या त्या कॉलमांचे टाइप जुळवा. एकीकडे साधा इंट (पूर्णांक) आणि दुसरीकडे अनसाइन्ड (ऋण संख्या न घेणारा) इंट असला तरी चालत नाही.

जॉइननंतर, म्हणजे टेबलं एकत्र जोडल्यावर, फीची बेरीज फुगली, तर डिस्टिंक्ट (सारख्या ओळी गाळणारा शब्द) लावून झाकू नका. एकाच मुलाचे चार विषय आणि दोन हप्ते एकत्र जोडले की आठ ओळी होतात, म्हणजे प्रत्येक हप्ता चारदा मोजला जातो. हप्त्यांची बेरीज आधी वेगळी करा, मग जोडा.