कोकणकन्येत रात्री लेकीची पाळी आली तर

गणपतीला गावाला जायचं म्हणजे आमच्याकडे कोकणकन्या एक्सप्रेस, रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीवरून सुटायचं आणि सकाळी कुडाळ. लेकीला बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली, आणि तिसरी की चौथी पाळी नेमकी पनवेल गेल्यावर आली. ती वरच्या बर्थवर, मी खाली ढाराढूर, आणि ही बया सकाळपर्यंत कोणाला काही बोलली नाही, तशीच ओल्यात पडून राहिली. सकाळी म्हणते, तुला हाक कशी मारणार, समोर ते काका झोपले होते ना. पॅड माझ्या बॅगेत, बॅग सीटखाली साखळीने बांधलेली, चावी माझ्या पर्समध्ये! म्हणजे चूक माझीच. तेव्हापासून एकच धरून चालते, रात्री दोन वाजता पोरीला कोणाला काही विचारावं लागता कामा नये.

तारीख बघून निर्धास्त राहू नका. पहिली दोन-तीन वर्षं पाळी कशीही येते, २१ दिवसांनी येते तशी ४५ दिवसांनीही येते, त्यामुळे "अजून वेळ आहे" म्हणून पॅड घरी ठेवायचे नाहीत. आणि हो, सणासुदीला पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची आपल्याकडे फार सवय आहे, शेजारीण देते, मेडिकलवालाही न विचारता देतो. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात, बारा-तेरा वर्षांच्या मुलीला डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका, पूजा असो नाहीतर लग्न असो.

तिची स्वतःची एक छोटी पाउच करा, चेनवाली, गळ्यात अडकवता येईल अशी. गळ्यात का, तर गाडीच्या टॉयलेटमध्ये हुक असेलच असं नाही आणि खाली ठेवायला जागा कोरडी नसते. त्यात रात्रीचे लांब पॅड तीन-चार, दोन निकर, वर्तमानपत्राचे तुकडे, दोन-तीन काळ्या पिशव्या, टिश्यू, पेपर सोप. पिरियड पँटी, म्हणजे रक्त शोषणारी निकर, परवडत असेल तर रात्रीपुरती फार छान, पॅडच्या वरून घातली तरी चालते. आत घालायच्या कपचा (मेन्स्ट्रुअल कप) किंवा टॅम्पॉनचा पहिला प्रयोग मात्र प्रवासात नको, तो घरी सुट्टीच्या दिवशी.

आता हे ऐकून हसाल, पण घरी बाथरूममध्ये एका हाताने पॅड बदलायची प्रॅक्टिस करून घ्या. चालत्या गाडीत दुसरा हात दांडीला धरलेला असतो. निकर पूर्ण काढायची नाही, गुडघ्यापर्यंतच, नवीन पॅडचं कव्हर उघडून जुना त्याच कव्हरात गुंडाळायचा, मग कागदात, मग पिशवीत. आमची आधी चिडली, मग दोनदा केल्यावर तिलाच जमलं. कपडे गडद रंगाचे आणि सैल, घट्ट लेगिंग किंवा जीन्स गाडीत वर-खाली करताना रडू येतं.

पॅड टॉयलेटमध्ये टाकायचा नाही हे तिला नीट कारणासकट सांगा. डब्याखाली आता बायो टॉयलेटची टाकी असते, त्यातले जिवाणू मैला कुजवतात, पॅड काही कुजत नाही, तो अडकतो आणि मग अख्ख्या डब्याचे हाल. बेसिनखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. पुण्यात माझ्या बहिणीकडे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढतात, कचरा वेचणाऱ्या ताईंना हाताळण्याआधी कळावं म्हणून, ती सवय मला आवडली, आम्हीही आता करतो.

बर्थ तिला खालचा द्या, तुम्ही मधल्यावर जा, गुडघे दुखले तरी चालेल. एसी डब्यात मिळणारी रेल्वेची चादर बहुतेक पांढरी असते आणि त्या पांढऱ्या रंगाच्या भीतीनेच पोरी रात्रभर जाग्या राहतात, म्हणून वर आपली जुनी गडद साडी चार घड्या करून टाकायची. झोपायच्या आधी पॅड भरलेला नसला तरी बदलायचाच. नंतर पाच-सहा तासांनी मोबाइल व्हायब्रेटवर लावून तुम्ही उठा आणि तिला घेऊन जा, पहाटे टॉयलेटला रांग लागायच्या आत. मध्येच गरज पडली तर आमची खूण म्हणजे माझ्या पायाचा अंगठा ओढायचा, बोलायचं काही नाही. बाबांबरोबर एकटीच जात असेल तर हीच खूण बाबांनाही सांगून ठेवा, आणि बाबांनी "काय झालं" असं डब्यात मोठ्याने विचारायचं नाही.

डाग पडलाच तर थंड पाणी, गरम पाण्याने तो पक्का बसतो. पोटात दुखत असेल तर गरम पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून शेक द्या. दुखण्यावरची गोळी कुठली आणि किती हे निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या आणि उपाशीपोटी देऊ नका. टॉयलेटला जायला नको म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, ते बघा. दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भरत असेल, चक्कर येत असेल तर मात्र पोचल्यावर बघू असं करू नका, रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन लावा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर मागता येतो.

स्लीपर बसचं वेगळंच, तिथे बहुतेक वेळा टॉयलेटच नसतं आणि जेवायला एकदाच थांबतात. चढतानाच क्लीनरला सांगायचं, "दादा, मुलीला रात्री मध्ये एकदा थांबावं लागेल". कारण सांगायची गरज नाही, आणि सांगितलं तरी काही बिघडत नाही.

आणि गावी पोचल्यावरचं आधीच ठरवा, हे मी सगळ्यात उशिरा शिकले. मखरासमोर, चार माणसांत "तुझं काय चाललंय का" असं पोरीला कोणी विचारायला नको. मी निघायच्या आधी सासूबाईंना फोन केला, थोडं पुटपुटल्या, मग म्हणाल्या आरतीला मागे उभी राहू दे. लेकीला विचारलं, ती चालेल म्हणाली. आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही, त्यामुळे पॅड कुठे टाकायचे ते पोचल्या पोचल्या जाऊबाईंना विचारून तिला दाखवून ठेवते, नाहीतर ती सगळे पिशवीत साठवत बसते.