तालमीच्या जर्सीवर प्रायोजक घेताना

कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात; त्यांचा शाहू स्टेडियमवरचा हंगाम सुरू व्हायच्या दोन महिने आधीच प्रायोजकाशी बोला. घाईत गेलात की भाव तोच ठरवतो. आधी खर्च मांडा: १८ खेळाडूंचे दोन रंगांचे किट, बूट, चेंडू. निम्मी रक्कम कापड कापण्याआधी हातात हवी, उरलेलीची तारीख करारात. ‘जिंकल्यावर बघू’ हा तोंडी शब्द हमखास बुडतो.

छातीवर तालमीचं नाव वर, जाहिरात खाली. पाठीवर फक्त नंबर; तिथं जाहिरात घुसली की पंचाला नंबर वाचता येत नाही. छपाई सब्लिमेशनचीच, म्हणजे उष्णतेनं शाई धाग्यात मुरवणारी, तीही पॉलिएस्टरवर. चिकटवलेलं स्टिकर धुण्यात सुटतं. तंबाखू-गुटख्याचं नाव नकोच, २००३ च्या कायद्यानं ते प्रायोजकत्व बंद आहे. आणि संघनिवडीत प्रायोजकाचा शब्द चालणार नाही, हेही करारात लिहून घ्या.