वर्गफलनाचा डिफरन्स कोशंट: ह कटवण्याआधी

अकरावी सायन्सला गणित इंग्रजीत सुरू झालं की जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरापोरींना ‘डिफरन्स कोशंट’ (क्ष ह ने वाढवल्यावर फलनात झालेला बदल भागिले ह) हे नावच जड जातं. काम मात्र सातवी-आठवीच्या विस्तारसूत्राचं आहे. इथे एक्स, एच, एफच्या जागी क्ष, ह, फ लिहिलंय.

काढायचं ते हे (ह शून्य नाही):

[फ(क्ष+ह) − फ(क्ष)] ÷ ह

समजा, फ(क्ष) = ३क्ष² − ५क्ष + २. आधी फ(क्ष+ह) एकटंच, वेगळ्या ओळीत काढा. जिथे क्ष दिसेल तिथे कंसासकट (क्ष+ह) बसवा:

३(क्ष+ह)² − ५(क्ष+ह) + २
= ३क्ष² + ६क्षह + ३ह² − ५क्ष − ५ह + २

वर्ग आधी, ३ ने गुणणं नंतर. मधलं २क्षह गाळलं, तर शेवटच्या उत्तरात क्ष उरतच नाही. तसं झालं की सरळ या ओळीवर परत या.

आता फ(क्ष) कंसात घालूनच वजा करा, म्हणजे तिन्ही पदांची चिन्हं बदलतील. घाईत कंस राहिला की −१०क्ष आणि ४ असली नको ती पदं उगवतात. बरोबर केलं तर उरतं:

६क्षह + ३ह² − ५ह

इथे थांबून प्रत्येक पदात ह आहे का ते बघा. ह = ० धरला तर अंश फ(क्ष) − फ(क्ष), म्हणजे शून्यच व्हायला हवा. म्हणून ह नसलेलं एक जरी पद राहिलं, तरी मागे चूक आहे. पुढे जाऊच नका.

मग ह सामाईक काढा आणि छेदातल्या ह सोबत कटवा:

ह(६क्ष + ३ह − ५) ÷ ह = ६क्ष + ३ह − ५

सामाईक न काढता एकाच पदातला ह उडवणं चालत नाही. ३ह² मधलाही एकच ह जातो.

पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे. क्ष = २, ह = १ घ्या. फ(३) − फ(२) = १४ − ४ = १०; उत्तरातून १२ + ३ − ५ = १०. जुळलं.

याचा उपयोग बघायचा तर पन्नास फूट खोल विहिरीत दगड सोडा. हवेचा अडथळा सोडला, तर क्ष सेकंदांत तो ४.९क्ष² मीटर पडतो. कोशंट येतो ९.८क्ष + ४.९ह. १ सेकंद झाल्यापासून पुढच्या अर्ध्या सेकंदातला (क्ष = १, ह = ०.५) सरासरी वेग ९.८ + २.४५ = १२.२५ मीटर प्रति सेकंद. ह लहान करत नेला की वेग ९.८ कडे सरकतो. तोच बरोबर १ सेकंदाला असलेला वेग, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. कटवायच्या आधीच ह शून्य ठेवलात, तर हाती फक्त ०/० येतं.