स्ट्रेंग्थ २० म्हणजे नक्की किती? कॅरेक्टरचे आकडे, मर्यादा आणि वास्तवाचा हट्ट: या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोल-प्लेइंग खेळात (कॅरेक्टर रंगवत, फासे टाकत गोष्ट खेळायची) टेबलावर वाद पेटवायला तीन फुटांचा एक हाफलिंग, म्हणजे बुटक्या काल्पनिक वंशाचा वीर, पुरतो. त्याची स्ट्रेंग्थ (ताकदीचा स्कोअर) २० झाली की कुणीतरी हटकून म्हणतं, “हे शक्य तरी आहे का?” मग डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) घाईघाईत हाउस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता नियम, काढतो: हाफलिंगला १६ च्या वर नाही, माणसाला १८, ऑर्कला चालेल. हाफलिंगवाला खेळाडू हिरमुसतो आणि खेळ जितका अवास्तव होता तितकाच राहतो. कारण दुखणं स्कोअरच्या मर्यादेत क्वचितच असतं. आकडा टेबलावर ज्या पद्धतीने वापरला जातो तिथे ते असतं, आणि इलाजही तिथेच करावा लागतो. पुढची उदाहरणं मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली (२०१४) आहेत, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरूनच होतात.

चूक: स्कोअर पाहून “हे तर अमानवी” म्हणणं

आधी हिशेब करून बघा. पाचव्या आवृत्तीत कॅरेक्टर स्ट्रेंग्थच्या १५ पट पौंड वजन अंगावर वागवू शकतं आणि ३० पट पौंड उचलू, ढकलू किंवा ओढू शकतं. म्हणजे स्ट्रेंग्थ २० चा वीर जास्तीत जास्त ६०० पौंड, साधारण २७२ किलो उचलणार. खऱ्या जगात एडी हॉलने २०१६ मध्ये ५०० किलोचा डेडलिफ्ट केला. लांब उडीचंही तेच. दहा फूट धावून घेतलेली उडी स्ट्रेंग्थच्या आकड्याइतके फूट जाते, म्हणजे २० फूट, जेमतेम ६.१ मीटर. माइक पॉवेलने १९९१ मध्ये ८.९५ मीटर उडी मारली होती. तेव्हा ‘अमानवी’ स्ट्रेंग्थ २० चा आपला बार्बेरियन खऱ्या मैदानावर पात्रता फेरीतच बाद झाला असता.

गंमत दुसऱ्या टोकाला आहे. स्ट्रेंग्थ १० म्हणजे अगदी सर्वसाधारण माणूस, आणि तो १५० पौंड (६८ किलो) घेऊन वेग जराही कमी न होता चालत राहतो. नियमाची रेषा सरळ असल्यामुळे खालचा माणूस फाजील दणकट होतो आणि वरचा फाजील दुबळा. तिसऱ्या आवृत्तीने (२०००) हे ओळखलं होतं: तिथे स्ट्रेंग्थ १० ने वाढली की क्षमता चौपट होते. गर्प्स या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळाच्या चौथ्या आवृत्तीत तर वजनाचा हिशेब थेट स्ट्रेंग्थच्या वर्गावर चालतो.

म्हणून वजनात वास्तव हवं असेल तर स्कोअरला टोपी घालू नका, वजनाचा नियम बदला. पाचव्या आवृत्तीतच एक ऐच्छिक नियम आहे: स्ट्रेंग्थच्या ५ पटींपेक्षा जास्त पौंड झाले की वेग १० फुटांनी घटतो, १० पटींच्या वर गेले की २० फुटांनी, आणि वर डिसअ‍ॅडव्हान्टेजही (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा). स्ट्रेंग्थ १० ला हे ओझं साधारण २३ किलोनंतर जाणवू लागतं. हे कुणालाही पटेल.

चूक: इंटेलिजन्स गुणिले दहा म्हणजे बुद्ध्यांक

हे समीकरण कुठून आलं देव जाणे, पण ते मरत नाही. स्कोअर फासे टाकून ठरवला, तर सहा बाजूंच्या तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये १ आहे. १८ म्हणजे बुद्ध्यांक १८० मानलं तर दर दोन-अडीचशे माणसांत एक इतका अचाट बुद्धिमान निघायला हवा. बुद्ध्यांकाच्या चाचण्या सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरून बेतलेल्या असतात. त्या हिशेबाने २१६ मधला पहिला माणूस १४० च्या अलीकडेच थांबतो. हुशार खराच, पण जगावेगळा नाही.

त्याहून त्रासदायक उलटी बाजू. इंटेलिजन्स ८ दिसला की खेळाडू बोबडं बोलायला लागतो, दार उघडायचं कसं ते विसरतो. तीन फाशांवर ८ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के आहे. गावातला दर चौथा माणूस तसा असणार, आणि गाव व्यवस्थित चाललेलं असतं. ८ चा मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायची संख्या) उणे १ आहे. त्याला तेवढीच किंमत द्या.

चूक: १८ पडला म्हणजे लबाडी

चार फासे टाकून सर्वांत लहान काढून टाकायची पद्धत घेतली तर एका स्कोअरमध्ये १८ येण्याची शक्यता १.६ टक्के. सहा स्कोअर मिळून निदान एक १८ येण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या वर जाते. टेबलावर चार जण असतील तर जवळपास दर तिसऱ्या गटात कुणाकडे तरी सुरुवातीलाच १८ असणार. संशय घेण्याआधी हे लक्षात असू द्या. असमानता खुपत असेल तर २७ गुणांची पॉइंट बाय (ठरावीक गुण खर्चून स्कोअर घ्यायची पद्धत) वापरा. तिथे वंशाचा बोनस धरण्याआधी १५ च्या वर जाताच येत नाही.

चूक: नको तिथे फासा टाकणं

खेळ अवास्तव वाटतो तो बहुतेक वेळा इथे. स्ट्रेंग्थ २० ची योद्धा आणि स्ट्रेंग्थ ८ चा जादूगार पंजा लढवतात. डीएम म्हणतो, “टाका फासे.” एकीला अधिक ५, दुसऱ्याला उणे १. फरक सहाचा, पण वीस बाजूंच्या फाशापुढे सहा म्हणजे फार नव्हे. जादूगार सरळसरळ जिंकण्याची शक्यता जवळपास २३ टक्के निघते. तो जिंकतो, सगळे हसतात, आणि पुढच्या वेळी कुणी म्हणतं की स्कोअरला अर्थच नाही. स्कोअरचा यात दोष नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं तो फाशाला विचारला गेला.

इथे तीन वाटा आहेत. पहिली आणि माझ्या मते सर्वांत चांगली: फासा टाकूच नका, मोठा स्कोअर जिंकतो. दुसरी: तीनपैकी दोन डाव जिंकायचे असं ठरवा. बरोबरीचे डाव पुन्हा खेळवले तर जादूगाराची शक्यता १४ टक्क्यांवर येते, आणि टेबलावर ताणही टिकतो. तिसरी वाट अडथळ्यांसाठी: दगड हलवायचा तर स्ट्रेंग्थ १५ लागेल, त्याखालच्यांनी फासा उचलायचाच नाही. ही तिसरी वाट फार कमी डीएम वापरतात, आणि का ते मला कळत नाही. सगळा गट रांगेने एकाच दारावर फासे टाकत बसतो तो प्रकार एका वाक्यात संपतो.

चूक: वंश किंवा लिंगानुसार कमाल मर्यादा

हे पूर्वी करून झालंय. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत १८ स्ट्रेंग्थच्या फायटरला (योद्ध्याला) वर शंभरातले टक्के मिळायचे, आणि मानवी स्त्रीला १८/५० च्या पुढे जाता येत नसे. पुरुषाला १८/०० (म्हणजे पूर्ण शंभर) पर्यंत मुभा. दुसऱ्या आवृत्तीने (१९८९) स्त्री-पुरुष भेद काढला, तिसरीने वंशांची कमाल मर्यादाही काढली. सरासरी लोकसंख्येबद्दलचं विधान घेऊन ते एकट्या नायिकेवर लादणं हीच मुळात गफलत होती. साहसाला निघालेलं कॅरेक्टर सरासरी नसतंच.

“ड्रॅगन चालतात, मग काहीही चालेल” हा युक्तिवादही आळशीच. हाफलिंगचा आकार जाणवायला हवाच, पण त्याची सोय नियमांत आधीपासून आहे: २०१४ च्या नियमांत लहान आकाराच्या कॅरेक्टरला ‘हेवी’ शस्त्रावर डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो, आणि स्वतःपेक्षा एकाहून जास्त आकारांनी मोठ्या प्राण्याला ग्रॅपल करता (पकडून ठेवता) येत नाही. म्हणजे स्ट्रेंग्थ २० चा हाफलिंग एक आकार मोठ्या माणसाला धरून ठेवेल, दोन आकार मोठ्या ओगर राक्षसाला नाही. हे नियम नीट लागू केले तर निम्मी कुरकुर थांबते.

तरीही कमाल मर्यादा (एरवी २०) उतरवायचीच असेल तर पहिल्या सेशनच्या आधी सांगा, आणि सगळ्यांना सारखी लावा. १६ पासून सुरुवात केलेलं कॅरेक्टर सहसा आठव्या लेव्हलला २० गाठतं. ते १८ वर थांबवलं तर मुख्य हल्ल्याच्या प्रत्येक फाशावर ५ टक्क्यांचा तोटा आणि वर एक डॅमेज कमी. हा तोटा तलवारबाजाला बसेल तसाच जादूगाराच्या इंटेलिजन्सलाही बसला पाहिजे. नुसती स्ट्रेंग्थ कापून इंटेलिजन्स मोकळी सोडली, तर वास्तवाच्या नावाखाली फक्त फायटरचं नुकसान होतं.