डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीला घरी कसे सांभाळावे, आणि विशेषतः आंघोळ कशी घालावी

डिमेन्शियाचे, म्हणजे मेंदूच्या आजाराने स्मृती आणि समज कमी होत जाण्याचे, निदान तज्ज्ञ डॉक्टरांनी केलेले आहे, थायरॉइड आणि ब१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या होऊन विस्मरणाची बरी होण्याजोगी कारणे पडताळून झाली आहेत, आणि महत्त्वाच्या कागदपत्रांवर त्या व्यक्तीने स्वतः समजून-उमजून सह्या केल्या आहेत, असे मी गृहीत धरते. यांतले काही राहिले असल्यास ते आधी उरकून घ्यावे.

मी सासूबाईंना सात वर्षे आणि पुढे वडिलांना चार वर्षे घरी सांभाळले. आता परिचितांच्या घरी जाऊन त्यांना याच कामात हातभार लावते. या सगळ्या काळात सर्वाधिक वेळा ऐकलेला आणि सर्वांत निरुपयोगी ठरलेला सल्ला म्हणजे ‘प्रेमाने समजावून सांगा’. समजून घेण्याचे काम ज्या मेंदूने करायचे तोच आजारी आहे, याचा सल्ला देणाऱ्यांना विसर पडलेला असतो.

पहिली पायरी : घर

जमिनीवरची सुटी पायपुसणी आणि सतरंज्या उचलाव्यात, कारण गडद रंगाचा चौकोन या आजारात खड्ड्यासारखा दिसू शकतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा, न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी, आणि औषधे व सफाईचे द्रव कुलपात ठेवावेत. याहून अधिक काही करू नये. आजारी माणसाच्या सोयीसाठी म्हणून घराची मांडणी बदलणारे उत्साही नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. वर्षानुवर्षे ज्या जागी खुर्ची होती तिथे पाय आपोआप वळतात, आणि ही अंगवळणी पडलेली स्मृती बाकीच्या स्मृतीपेक्षा कितीतरी उशिरा जाते. ती खुर्ची हलवली की तो आधारही जातो.

दुसरी पायरी : दिवस

घड्याळापेक्षा क्रमाला महत्त्व द्यावे : एकामागून एक येणाऱ्या गोष्टी रोज त्याच क्रमाने याव्यात. हाताला खरे काम द्यावे, उदाहरणार्थ कपड्यांच्या घड्या घालणे, आणि त्या वाकड्या झाल्या तर त्यांच्यासमोर पुन्हा घालू नयेत. ‘मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ ही परीक्षा मात्र पूर्णपणे बंद करावी; तिने स्मरणशक्ती सुधारत नाही, फक्त माणूस नापास होतो. आल्यावर आपणच नाव आणि नाते सांगून टाकावे.

तिसरी पायरी : आंघोळ

येथे मी स्वतः पहिले वर्षभर चुकत होते, म्हणून याविषयी सविस्तर लिहिते. रोज सकाळी आठला आंघोळ झालीच पाहिजे, असा माझा नियम होता. सासूबाई नकार देत, मी समजूत घालत असे, आवाज चढत असे, आणि शेवटी आम्ही दोघी-तिघी मिळून त्यांना धरून आत नेत असू. एकदा त्यांनी माझ्या मनगटाला चावा घेतला. त्याच दिवशी डोक्यावर पाणी पडताच त्या ‘मारू नका, मारू नका’ असे ओरडल्या. त्या हट्टी आहेत अशी तोवर माझी ठाम समजूत होती. त्या जीव वाचवत होत्या हे त्या वाक्याने मला कळले.

त्याहून मोठा धडा दुपारी मिळाला. सकाळचे त्यांना काहीही आठवत नव्हते, तरी माझ्या हातून घास घ्यायला त्या तयार नव्हत्या. प्रसंग पुसला गेला होता, भीती मात्र शिल्लक होती. आयोवा विद्यापीठातील संशोधकांचा २०१४ सालचा एक अभ्यास पुढे वाचनात आला : अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) झालेल्या व्यक्तींना दुःखी आणि आनंदी दृश्यफिती दाखवल्यावर त्यांतील तपशील त्या लवकरच विसरल्या, परंतु त्या फितींनी जागवलेली भावना नंतरही टिकून राहिली. ‘त्यांना कुठे आठवणार आहे’ असे म्हणून जबरदस्ती करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. एक आंघोळ चुकली तर काहीच बिघडत नाही. झटापट करून घातलेल्या आंघोळीची किंमत पुढचे सगळे जेवण, औषध आणि झोप यांतून चुकवावी लागते.

म्हणून पहिला निर्णय असा की संपूर्ण आंघोळ आठवड्यातून दोनदा पुरते. चेहरा, हात, काखा आणि जांघा रोज स्वच्छ झाल्या, आणि मलमूत्राने खराब झालेला भाग तेव्हाच्या तेव्हा धुतला, तर त्वचेचे नुकसान होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना पटवण्यात वेळ घालवू नये.

नकारामागचे कारण शोधावे, आणि ते जवळजवळ नेहमी त्या खोलीत सापडते. न्हाणीघर थंड असते. पांढऱ्या फरशीवर पांढरे स्टूल दिसतच नाही, त्यामुळे बसायला सांगितले की आपण अधांतरी बसतो आहोत असे वाटते. स्टुलावर रंगीत टॉवेल घातला की हा प्रश्न सुटतो. स्वच्छ पाणी किती खोल आहे ते कळत नाही. आरशात कोणी परके माणूस उभे दिसते, आणि परक्यासमोर कपडे काढायला कोण तयार होईल? वडिलांच्या बाबतीत आरसा झाकल्याच्या दिवसापासून निम्मा विरोध मावळला. सांधे दुखत असतील तर हात वर करणे हीच शिक्षा असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून वेदनाशामक औषध आंघोळीपूर्वी पुरेसा वेळ आधी द्यावे.

आता प्रत्यक्ष कृती. खोली आधी गरम करावी आणि साबण, टॉवेल, कपडे हाताशी ठेवावेत, कारण आंघोळ घालणारे माणूस काही आणायला मध्येच उठून गेले तर ते परत येईपर्यंत सगळे बिघडलेले असते. पाण्याचे तापमान थर्मामीटरने पाहावे. ३८ ते ४० अंश सेल्सिअस योग्य. चटका बसतो आहे हे या आजारात वेळेवर सांगता येईलच असे नाही, आणि ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा गंभीरपणे भाजते.

‘आंघोळ करायची का?’ असे कधीही विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही’ हेच येते आणि मग आपण अडकतो. ‘आंघोळ’ हा शब्दच टाळावा. ‘आई, चला, पाय शेकू या’ एवढे म्हणून मी हात पुढे करत असे. हात धरून ओढू नये. आपला तळवा वर करून समोर धरावा, त्यांनी तो धरला की चालू लागावे. नकार आला तर हसून निघून जावे आणि वीस मिनिटांनी, शक्य तर दुसऱ्या माणसाने, नव्याने विचारावे. तिसऱ्यांदाही नकार आला तर त्या दिवसापुरता विषय संपला.

आत फक्त एकाने बोलावे. दोघांनी दोन बाजूंनी दिलेल्या सूचना म्हणजे गोंगाट. एका वेळी एकच छोटे वाक्य उच्चारावे आणि उत्तराला दहा सेकंद द्यावेत. ही दहा सेकंदांची शांतता पाळणे हेच मला सर्वांत अवघड गेले. कपडे पूर्ण काढू नयेत : खांद्यांवर एक मोठा टॉवेल आणि मांडीवर दुसरा असावा, आणि धुवायचा तेवढाच भाग उघडावा. टॉवेल भिजला तर भिजू द्यावा. त्यांच्या हातात कापडाचा तुकडा द्यावा, म्हणजे हात गुंततात आणि बरेचदा ती व्यक्ती स्वतःच अंग चोळू लागते. तसे झाले तर आपण थांबावे, मग ती तीच जागा पाच वेळा का चोळेना.

सुरुवात पायांपासून करावी आणि पाणी हळूहळू वर आणावे. डोक्यावरून पाणी ओतू नये. केस धुणे हा स्वतंत्र दिवसाचा, स्वतंत्र कार्यक्रम आहे, आणि तोही ओल्या कापडाने होऊ शकतो. एकच बदल करायचा असेल तर डोक्यावर पाणी न ओतण्याचा करावा. माझ्या अनुभवात याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

एवढे करूनही भीती जात नसेल तर न्हाणीघर सोडून द्यावे आणि पलंगावरच टॉवेल-स्नान घालावे. मोठा टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळावा, धुवावा न लागणारा साबण त्यावर घ्यावा, आणि तो अंगावर पांघरून टॉवेलावरूनच हलक्या हाताने चोळावे. शेवटी कोरड्या चादरीत गुंडाळावे. ही तडजोड नव्हे. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यक्तीच्या कलाने घातलेली शॉवरची आंघोळ आणि टॉवेल-स्नान या दोन्ही पद्धतींनी आक्रमक वर्तनाचे प्रसंग निम्म्याहून अधिक घटले होते. माझ्या वडिलांची शेवटची दीड वर्षे अशीच गेली. मुलीने आंघोळ घालावी याचा त्यांना होणारा संकोच शब्द गेल्यानंतरही गेला नव्हता. टॉवेलाखाली तो उरला नाही, आणि कित्येकदा ते त्यातच झोपी जात.

अंग पुसताना घडीच्या जागा टिपून कोरड्या कराव्यात आणि माकडहाड, टाचा व घोटे रोज पाहावेत. दाबल्यावरही फिकी न पडणारी लाली ही शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. त्वचा गडद असेल तर लाली दिसत नाही, तेव्हा तिथली ऊब आणि कडकपणा हाताने पाहावा.

चौथी पायरी : खाणे-पिणे

सरळ बसवून, लहान घासांनी, ताटाच्या रंगाहून उठून दिसणारे अन्न द्यावे. पाणी मागण्याची वाट पाहू नये, कारण तहान लागली तरी ते मागतीलच असे नाही. गिळताना ठसका लागू लागला तर वाक्-उपचारतज्ज्ञांना दाखवावे; बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही तेच पाहतात.

पाचवी पायरी : अचानक बदल

डिमेन्शिया साधारणतः महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. काल बरे असलेले माणूस आज सकाळी गुंगीत असेल, भरकटत असेल किंवा एकाएकी हिंसक झाले असेल, तर ‘आजार वाढला’ असे म्हणून गप्प बसू नये. ती बहुधा डेलिरियमची, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या बिघाडाने अचानक आलेल्या मानसिक गोंधळाची, अवस्था असते, आणि तिच्यामागे मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी कमी होणे, न सांगता येणारी वेदना किंवा नवे औषध असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जाताना सर्व औषधे सोबत न्यावीत, दुकानातून स्वतः आणलेलीही. ॲलर्जीवरच्या काही जुन्या आणि लघवीच्या तक्रारींवरच्या काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो.

आंघोळीला नकार देतात म्हणून शांत करणारी गोळी मागणाऱ्या घरांविषयी माझे मत कठोर आहे. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरच्या, औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला होता. लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर यांतील काही औषधांनी शरीर ताठरते आणि प्रसंगी जिवावर बेतते. तीव्र त्रासात ती द्यावी लागतात हे खरे, परंतु तो निर्णय प्रकार नेमका ठाऊक असलेल्या तज्ज्ञांचा असतो आणि त्याचा फेरविचार ठरलेल्या तारखेला व्हावा लागतो.

सहावी पायरी : दुसरा माणूस

आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस दुसऱ्या कोणाकडे काम सोपवावे, आणि त्यासाठी दमून जाण्याची वाट पाहू नये. सोपवताना तोंडी सूचना देऊ नयेत. एक कागद भिंतीवर लावावा. वडिलांच्या खोलीतल्या कागदावर औषधांच्या वेळा आणि डॉक्टरांचा क्रमांक यांखेरीज एवढेच होते : उजवा खांदा दुखतो, बाही आधी उजव्या हातात घालावी, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पाणी पायांवर आधी घालावे, डोक्यावर कधीच नाही, आरशावरचा कपडा काढू नये, ‘नको’ म्हणाले तर बाहेर जाऊन वीस मिनिटांनी यावे.